एका खाड्याची नोंद

आमच्या गेटवर पूर्वी एक लांबडं रजिस्टर असायचं. त्याला दोऱ्याने बांधलेलं बॉलपेन बहुतेक वेळा चालायचं नाही, आणि त्यामुळे कुणाचं काही अडायचंही नाही. मग सोसायटीच्या कमिटीने एक अ‍ॅप घेतलं आणि रजिस्टरच्या जागी टॅब्लेट आला. कामाला येणाऱ्या बायका, ड्रायव्हर, पेपरवाला, सगळ्यांचे फोटो निघाले, आधार कार्डं घेतली गेली आणि प्रत्येकाला सहा आकडी कोड मिळाला. चालेल का, असं त्यांना कुणी विचारलं नाही. आम्हालाही विचारलं नव्हतं, पण आमचे फोटो निघाले नाहीत.

बाबांना अ‍ॅप आवडलं. ते बँकेतून निवृत्त झालेत आणि नोंदीवर त्यांचा विश्वास आहे. निदान कोण आलं, कोण गेलं ते कळतं, असं ते म्हणायचे. आई म्हणायची, आपल्याकडे कोण आलं ते मला कळतंच, दार मीच उघडते. मी स्वतः अशाच एका कंपनीत काम करते. ग्राहकाने चॅटवर तक्रार केली की जी आपोआप उत्तरं येतात, ती आधी कुणीतरी लिहून ठेवलेली असतात. ती लिहिणाऱ्यांपैकी मी एक.

अक्का आमच्याकडे नऊ वर्षं कामाला होत्या. अक्का म्हणजे तेलुगूत ताई. त्यांची दखनी हिंदी आणि आमची मराठी यांच्या मधलं काहीतरी आम्ही आपसांत बोलायचो. मला त्या अजून ‘पापा’ म्हणायच्या, इथे तेलुगूत लहान मुलींना म्हणतात तसं. मी सव्वीस वर्षांची आहे.

अ‍ॅपबरोबर एक नियम आला होता. महिन्यात तीन खाडे झाले की कोड आपोआप बंद. मग कमिटीकडे अर्ज करायचा, कमिटी ठरवणार. त्या महिन्यात मुलीच्या तापामुळे अक्कांचे दोन खाडे झाले होते. आणि आता त्याच मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी गावच्या मंडल ऑफिसातून, म्हणजे तहसील कचेरीतून, दाखला आणायचा होता. त्याला अख्खा दिवस जाणार. आमची काहीच हरकत नव्हती. आमच्याखेरीज त्या फक्त चौथ्या मजल्यावर काम करायच्या, आणि ती मंडळी लग्नाला विजयवाड्याला गेली होती. म्हणजे माणसांना अडचण नव्हती. अडचण फक्त मोजणीची होती.

त्यांनी आईला नाही विचारलं. जिन्यात मला गाठलं.

“पापा, कल सुबू दूध लाने नीचे जाती ना तू? मेरा नंबर दबा देती क्या?”

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन मोटर चालू करायला मागे गेला होता. मी सहा आकडे दाबले, स्क्रीन हिरवी झाली, अक्कांचा फोटो आला. दुधाची पिशवी घेऊन वर येताना मला बरं वाटत होतं. कुणाला तरी न बोलता मदत करणं मला जमतं. बोलून करायची म्हटलं की जमत नाही.

बाहेर जातानाही कोड दाबावा लागतो, हे मला माहीत नव्हतं. आम्हा राहणाऱ्यांना तो दाबावा लागतच नाही. त्यामुळे अ‍ॅपच्या हिशेबी अक्का सकाळी आत आल्या त्या बाहेर गेल्याच नाहीत. दिवस संपला तेव्हा अ‍ॅपने स्वतःच त्यांची नोंद बंद केली.

चौथ्या मजल्यावरची मंडळी परत आली आणि त्यांच्या कपाटातल्या सोन्याच्या बांगड्या सापडेनात. त्यांची जादा किल्ली वॉचमनच्या खोलीत खिळ्याला असते. तक्रार झाली, पोलिसांनी सेक्रेटरी अंकलकडे यादी मागितली, त्यांनी एक बटण दाबलं आणि कागद छापून दिला. चौथा मजला बंद असताना त्यांची कामवाली सोळा तास इमारतीत. मीही कागदावर एवढंच पाहिलं असतं तर माझं मत काय झालं असतं, कोण जाणे.

त्या दिवशी ऑफिसातून आले तर आई स्वयंपाकघरात नुसती उभी होती. सिंकमध्ये अर्धी भांडी साबणाची तशीच. आई तुटक तुटक सांगत गेली. सकाळी दोन माणसं आली, अंगावर वर्दी नाही, बरोबर बाई पोलीस नाही, हातात कागद नाही. आईने कागद मागितला तर म्हणाले, अम्मा, फक्त चौकशी आहे. अक्कांचा फोन ओट्यावर होता. तो उचलला, त्यांच्याकडून उघडून घेतला आणि तिथेच उभं राहून बघायला लागले. मुलीचे फोटो, मेसेज, सगळं. मग तो खिशात घातला आणि त्यांना रिक्षात बसवून घेऊन गेले.

“भिजलेले हात पुसूसुद्धा दिले नाहीत गं,” आई म्हणाली.

लिफ्टमध्ये ज्याचं त्याचं मत तयार होतं. एक म्हणे अ‍ॅपचा हाच तर फायदा, दुसरा म्हणे या बायकांचा काही भरवसा नाही. पोलीस उगाच कुणाला नेत नाहीत, हे तर बाबाच घरात म्हणाले. आपण काही केलं नसेल तर घाबरायचं कशाला.

मी खोलीत गेले आणि जे मला जमतं ते केलं. अ‍ॅपच्या कंपनीला लिहिलं की अमुक दिवसाची अमुक नोंद चुकीची आहे, कोड मी दाबला होता, दुरुस्त करा. चार मिनिटांत उत्तर आलं. तुमची अडचण आम्ही समजू शकतो, तुमचा विश्वास आमच्यासाठी मोलाचा आहे. हे वाक्य मला पाठ आहे. चिडलेल्या ग्राहकाला यातलं दुसरं अर्धं आधी पाठवतात. मी पुन्हा लिहिलं. मग उत्तर आलं की माहितीची मालकी सोसायटीची आहे, तिच्याशी संपर्क साधा. मी खाली सेक्रेटरी अंकलकडे गेले. ते प्रेमाने बोलले. बेटा, कागद पोलिसांकडे गेलाय, आता मी काही बदललं तर मीच अडकेन, आणि तसंही बदलायची सोय कंपनीने आम्हाला दिलेली नाही. कोड मी दाबला होता, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. कंपनीला लिहिता आलं, समोरच्या माणसाला सांगता आलं नाही.

संध्याकाळी अक्कांना घरी सोडलं आणि सकाळी दहाला पुन्हा बोलावलं. हे आईला त्यांच्या मुलीकडून कळलं. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी घरात सांगितलं, कोड मी दाबला होता. आईने गॅस बंद केला. बाबांनी आधी विचारलं, तू यात कशाला पडलीस. मग उठून शर्ट घातला आणि माझा फोन मागितला. तो त्यांनी कपाटात चादरींच्या खाली नेऊन ठेवला.

“तिथे नेऊ नकोस. मागतील,” ते म्हणाले. आदल्या दिवशीच्या त्यांच्या वाक्याची मी त्यांना आठवण करून दिली नाही.

पोलीस ठाण्यात दाराशीच एक टेबल होतं आणि त्यावर रजिस्टर. नाव, पत्ता, फोन नंबर, कामाचं कारण, वेळ. आम्ही दोघांनी लिहून सह्या केल्या. अक्का समोरच्याच बाकावर बसल्या होत्या, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी धरून. मला बघून त्यांनी नजर खाली केली. मी रजिस्टरचं पान वर वाचत गेले, मग आधीचं पान उलटलं. आजचा दिवस, कालचा दिवस. त्यांचं नाव कुठेच नव्हतं. ज्या दिवशी त्या नव्हत्या त्या दिवसाची सोळा तासांची नोंद आमच्या गेटवर होती. इथे दोन दिवस बसलेल्या बाईची एक ओळ नव्हती.

सबइन्स्पेक्टर माझ्याच वयाचा असेल. तो बाबांशीच बोलत होता. बाबांनी सगळं सांगितलं, त्याने ऐकलं, आणि टेबलावरच्या छापील कागदावर पेन टेकवून म्हणाला, “अ‍ॅप किसलिए झूठ बोलेगा, सर?”

“अ‍ॅप ने नहीं बोला,” मी म्हणाले. “झूठ मैंने बोला.”

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि माझा फोन मागितला. माझं आणि अक्कांचं काय बोलणं झालंय ते बघायचं होतं. घरी आहे, मी सांगितलं. मग घेऊन या. बाबा पंख्याकडे बघत होते. माझ्या फोनमध्ये काही भलतंसलतं नाही. पण जे आहे ते माझं आहे.

“लिखके दीजिए, फिर लाती.”

माझा आवाज इतका बारीक निघाला की त्याला ऐकूच आलं नाही. त्याने क्या म्हणून विचारलं. दुसऱ्यांदा म्हणणं जास्त कठीण गेलं. तो हसला, पढ़ी-लिखी है, असं बाबांना म्हणाला, आणि तो विषय तिथेच सोडला. माझ्याऐवजी अक्का असत्या तर सोडला नसता. काल सोडला नव्हताच.

हवालदाराने माझा जबाब तेलुगूत लिहिला. मी याच शहरात जन्मले, शाळेत तेलुगू पाठ करून पास झाले, आणि मला ते धड वाचता येत नाही. बाबांनी बोट ठेवून वाचलं. कोड दाबून मी त्यांना आत घेतलं, असं लिहिलं होतं. मी म्हटलं, मी कुणालाच आत घेतलं नाही, त्या तिथे नव्हत्याच. मग कोरा कागद मागून मी माझं म्हणणं इंग्रजीत लिहिलं.

मंडल ऑफिसात दाखल्यासाठी जी पावती मिळाली होती, तिचा फोटो अक्कांच्या फोनमध्ये होता. हे त्या काल सकाळपासून सांगत होत्या. फोन पोलिसांच्याच ड्रॉवरमध्ये. बाबांनी जरा मोठ्या आवाजात तेच सांगितल्यावर ड्रॉवर उघडला गेला. पावतीवर तारीख होती, वेळ होती, शिक्का होता. चार वाजता अक्कांना जा म्हणाले. फोन मात्र साहेबांच्या सहीशिवाय मिळणार नव्हता.

बांगड्यांचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या बाई आता लिफ्टमध्ये फोनकडे बघत उभ्या राहतात.

त्यानंतर नोंद बदलली. जी कुणालाच बदलता येत नव्हती ती पोलिसांचं काम संपल्यावर दोन दिवसांत दुरुस्त झाली. त्या तारखेपुढे गैरहजर असं आलं. तो तिसरा खाडा. अक्कांचा कोड आपोआप बंद झाला. आमच्या फ्लॅटला कोडच्या गैरवापराबद्दल नोटीस आली, ती गेली कचऱ्यात. पण कोडसाठी आई जन्मात पहिल्यांदा कमिटीच्या मीटिंगला गेली आणि तासभर बोलून परत आली. नियम सगळ्यांना सारखा, असं उत्तर मिळालं. पुढच्या महिन्यात विचार करू. अक्का स्वतःच म्हणाल्या, नक्को अम्मा.

जवळच्याच नारायणगुड्याच्या एका गल्लीत, स्वतंत्र घरात, त्यांना काम मिळत होतं. तिथे टॅब्लेट नव्हता. पण बातमी तिथपर्यंत गेली होती, आणि त्या घरच्या बाईंना पोलिसांचं काहीतरी लेखी हवं होतं. अक्का ठाण्यात विचारून आल्या. तिथे सांगितलं, केस नाही, तुझं नावच कुठे नाही, तर कागद कशाचा देणार.

त्या हे सांगायला आल्या आणि आमच्या गेटबाहेरच उभ्या राहिल्या. मी थोडा विचार केला आणि फोन परत मिळण्यासाठी अर्ज लिहिला. त्यात लिहिलं की अमुक दोन दिवस मला चौकशीसाठी बसवून ठेवलं होतं. माझ्यावर कोणतीही केस नाही असं मला सांगण्यात आलं आहे. म्हणून माझा फोन परत द्यावा. दोन प्रती काढल्या, खाली अक्कांनी तेलुगूत सही केली. ऑफिसला मी बरं नाही म्हणून कळवलं.

टेबलावरच्या हवालदाराने अर्ज ठेवून घेतला. मी पोच मागितली. उद्या या, तो म्हणाला. मी पोच मागितली. साहेब नाहीत. मग आम्ही बसतो, मी म्हणाले, आणि आम्ही दोघी त्याच बाकावर बसलो. एक वाजला होता. तो जेवून आला, त्याने दोन फोन केले, एका भांडणाची तक्रार ऐकली. मधे एकदा अक्का म्हणाल्या, “जाएंगे पापा, तेरा काम है ना.” मी उठले नाही. सव्वातीनला त्याने दुसरी प्रत ओढली, गोल शिक्का मारला, तारीख घातली, सही केली.

अक्कांना इंग्रजी वाचता येत नाही. बाहेर येऊन त्यांनी कागद उलटसुलट केला आणि त्यांचं नाव कुठे आहे ते विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी शिक्क्यावर फुंकर घातली, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवला आणि नारायणगुड्याच्या दिशेने चालायला लागल्या.

“चल पापा,” त्या म्हणाल्या. “वो अम्मा चार बजे सोके उठती.”