सरूबाईचा बुचडा

सांडू मिस्त्रीला चहा करता येत नव्हता असं नाही. त्याला एक कप चहा करता येत नव्हता. घरातलं पातेलं दोघांच्या मापाचं. त्यात एका कपाचं पाणी टाकलं की ते तळाशी चुरचुरत आटून जायचं आणि पत्ती तेवढी उरायची. चिकलठाण्याच्या एका कंपनीत बत्तीस वर्षं टूलरूम सांभाळलेला माणूस, सूतभर फरक नुसत्या बोटानं ओळखणारा, पण या पातेल्यापुढं त्यानं हात टेकले होते.

म्हणून बायकोचे, सरूबाईचे, दिवस झाले, पाहुणे पांगले, लेक विशाखा बंगळूरला परतली, आणि पुढच्याच आठवड्यात केसांवर भांडी देणारी बाई गल्लीत ओरडत आली, तेव्हा त्यानं तिला थांबवलं. फणीत आलेलं गुंतवळ सरूबाई एका पिशवीत कोंबून न्हाणीच्या कोनाड्यात ठेवायची. चांगली दोन वर्षांची पिशवी होती. ती देऊन त्यानं एका कपाचं स्टीलचं पातेलं घेतलं आणि वर स्वतःवर खूशही झाला. दुःखात भल्याभल्यांची अक्कल चरायला जाते. मिस्त्रीची तर लांब गेली होती.

दिवाळीनंतर पलंगाखाली झाडताना त्याला सरूबाईचं चौकटीवर अर्धवट राहिलेलं बसकर सापडलं.

शेजारची सगीरा एका प्रशिक्षणात लोकरीचं काम शिकून आली होती. तिच्याकडून सरूबाई शिकली. गोणपाट चौकटीवर ताणायचं, एका हातानं खालून लोकर धरायची आणि वरून आकड्यानं एकेक फास ओढायचा. फासाला फास लागला की मऊ, जाड गालिचा होतो. विकतची लोकर आणायची नाही हा सरूबाईचा हट्ट. घरातले स्वेटर तिनं उसवले. करमाडच्या तिच्या बापानं लग्नात दिलेली घोंगडी कुरतडली गेली होती, तिच्या पट्ट्या कापून त्याही ओढल्या. "दोघं बसू एवढं करते. ओट्याची फरशी लई गार लागती," म्हणाली होती.

चित्रही ओट्याचंच होतं. दोन माणसं बसलेली, पाठमोरी. "तोंडं काढाया गेले तर माकडं व्हतील," असं तिचं म्हणणं. घोंगडीच्या पट्ट्यांचा ओटा झाला होता, समोरचा कडुलिंब झाला होता, आणि मिस्त्री तर पुरा झाला होता. कंपनीच्या निळ्या स्वेटरची लोकर, वर तुळतुळीत टक्कल. टकलाला तिनं जरा जास्तच मन लावलं होतं. त्याच्या शेजारी मात्र काळ्या रेघेतलं रिकामं गोणपाट. स्वतःला तिनं शेवटी ठेवलं होतं.

"तुझं कवा करती?" त्यानं एकदा विचारलं होतं.

"व्हईल की. मी काय पळून चालले का?"

तेव्हा तो हसला होता. आता ती रिकामी रेघ बघून त्याला बसवेना. सबंध बसकरात तो एकटाच बसला होता, खऱ्या ओट्यावर बसत होता तसाच. दुसऱ्या दिवशी चौकट काखेत मारून तो सगीराच्या दारात उभा राहिला.

"आपा, मला शिकवा. हिला बसवायची हाय."

सगीरानं पदरानं डोळे पुसले आणि त्याच्या हातात आकडा दिला.

लोखंड वळवलेले हात; पहिले आठ दिवस त्यानं लोकरीवर नुसता जुलूम केला. फास कधी ढगळ, कधी गळा आवळल्यासारखे. मग एकदाचा हात बसला. सरूबाईचा हिरवा स्वेटर उसवून त्यानं तिची पाठ भरली, खांदे भरले. महिना गेला. जेवणाची वेळ टळू लागली, पण टळली म्हणून विचारणारं कुणी नव्हतं. विशाखाचा फोन यायचा, "बाबा, जेवलात ना?" तो "व्हय" म्हणायचा. घरावरून विमान खाली उतरायचं, आवाजात वेळ निघून जायचा. आवाज ओसरला की फोन ठेवायचा.

उरला बुचडा. मान झाकणारा, सैल, सरूबाईचा बुचडा. पाठमोऱ्या माणसाची ओळख ती तेवढीच. फासांनी केला तर तो कांदाभज्यासारखा दिसायला लागला.

"ऐसा नक्को, मिस्त्रीभाई," सगीरा म्हणाली. तिनं बारीक खाचांची सुई काढली. पिंजलेली लोकर ठेवायची आणि सुईनं टोचत राहायचं. धागा नको, गाठ नको. खाचा लोकरीला खाली ओढतात, ती एकमेकांत घट्ट होते, हवा तो उंचवटा धरते. "सीधी मारो. तिरकी गेली का तुटती."

त्यानं ती पहिल्याच दिवशी तोडली. मग शरमून कानशीच्या कडेनं गोधडीच्या सुईला खाचा पाडून तशीच दुसरी केली. सगीरानं ती निरखून कौतुक केलं आणि सहज बोलून गेली, "भाभीची केसांची पिशवी असंल ना? लोकरीत मिसळून टोचा. असल बुचडा हुईल."

सांडूनं गॅसकडं बोट दाखवलं. त्या लहान पातेल्यात तिच्यासाठीच चहा उकळत होता. सगीराला आधी कळेना. कळल्यावर तिनं तो चहा घेतला नाही.

त्या दिवसापासून तो केसवालीची वाट बघू लागला. गल्लीत कुणीही ओरडलं, भंगारवाला असो की भाजीवाला, हा दारात. ती आली संक्रांत उलटल्यावर. त्यानं घासूनपुसून ठेवलेलं पातेलं तिच्यापुढं धरलं.

"हे घे तुझं. माझी पिशवी दे."

"कोणती पिशवी, दादा?"

"माझ्या बायकोची केसं. अर्धी पांढरी, टोकाला मेंदीची."

बाईनं कपाळाला हात लावला. "ती कवाच पुढं गेली. एवढ्या गावाच्या केसांत कुठं हुडकू मी?" मग त्याचं तोंड बघून तिनं आपल्या झोळीतलं गुंतवळ काढलं. "घ्या यातलं मूठभर. पांढरंबी हाय. कुणाला कळतंय?"

त्याचा हात पुढं गेला. केस हाताला लागले आणि त्यानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

"नगं. दुसऱ्या कुणाची तरी असत्याल," तो म्हणाला.

पातेलं तिनं परत घेतलं नाही.

शेवटी करमाडहून मेव्हण्यानं पाठवलेली मेंढीची करडी लोकर पिंजून त्यानं बुचडा टोचायला घेतला. चार दिवस टोचला. गोल बसला, जिथल्या तिथं बसला. सगीरा म्हणाली, हुबेहूब. सांडूला माहीत होतं, ती मेंढी आहे. आपण आपल्या हातानं तिला एका चहापायी घालवली, हे काही त्याच्या मनातून जाईना.

टोचलेली लोकर गोणपाटाच्या मागं निघते, ती कातरून टाकायची असते. उन्हाला बसून त्यानं बसकर उलटं केलं, चष्मा पुसला, कात्री घेतली. बुचड्यामागची लव कातरून हात शेजारी सरकला, त्याच्या स्वतःच्या निळ्या पाठीकडं. तिथंही काहीतरी चमकलं. त्यानं चिमटीत धरून ओढलं, तर ते येईना.

केस होता. लांब, मुळाकडं पांढरा, टोकाला मेंदीचा.

मग दुसरा दिसला. तिसरा. चौकटीवर वाकून ती फास ओढायची तेव्हा सुटलेले केस लोकरीबरोबर आत गेले होते. त्यानं एकेक मोजला. अकरा होते. ओटा तपासला, कडुलिंब तपासला, टक्कलही तपासलं. दुसरीकडं कुठंही नव्हते. सगळे त्याच्या उजव्या खांद्यात, तिच्या बाजूच्या.

काढून बुचड्यात घालावेत म्हणून त्यानं चिमटा आणला. पण एक ओढला की चार फास सैल होत होते. त्यानं चिमटा ठेवून दिला.

संध्याकाळी त्यानं बसकर ओट्यावर अंथरलं आणि आपल्या अर्ध्यावर बसला. समोरून कामावरची माणसं परतत होती. चाळीस वर्षं ते दोघं असेच इथं बसले, मधे हातभर जागा सोडून. लोकांदेखत सरूबाईनं त्याच्या खांद्यावर एकदाही डोकं टेकलं नव्हतं.