बेबीचं नाव

माझ्या शेजारणीच्या चार भावंडांना नाझींनी मारलं.
ती रोमा होती, एवढंच कारण.

आज २ ऑगस्ट, युद्धात मारल्या गेलेल्या रोमा लोकांचा स्मरणदिन. माझी ही शेजारीण, रोझा, मे महिन्यात गेली, म्हणून यंदा मी लिहितोय. एरवी मी इथे फक्त वाढदिवसांना लाइक करतो.

रोमा म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी आपल्याकडून युरोपात गेलेले लोक. हे मला इथे ऑस्ट्रेलियात, ट्रुगानिनातल्या आमच्या घराच्या कुंपणाशी कळलं.

पुण्याहून आलेली आई माझ्या मुलीला ओरडत होती, "नाक पूस आधी!"
पलीकडून रोझाने स्वतःचं नाक धरलं. "नाक!"
आईने कान धरला.
"कान!"
तिच्या भाषेतही पाण्याला पाणी, माणसाला मानुष.

संध्याकाळी आईने जाहीर केलं, "ही आपल्याकडचीच. बोलणं जरा आडगावचं आहे, इतकंच."

मग रोज आर्व्होला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, कुंपणावरून चहा. रोझाचं इंग्लिश मोडकं, आईचं त्याहून. दुभाषा मी.

त्या वर्षी २ ऑगस्टला रोझाने अंगणात चार मेणबत्त्या लावल्या. आम्ही शेजारी उभे.
"यांको. मारा. स्टेफान."
चौथीपाशी ती थांबली. "बेबी."

आईने हात जोडले. "बेबी सगळ्यात धाकटी का?"

मी हळूच म्हणालो, "अगं, ते नाव नाही. तान्हं बाळ होतं. रोझा तेव्हा पाच वर्षांची, तिला नाव आठवत नाही. सांगणारं कोणी उरलं नाही. तिला आयुष्यभर तेच खातंय."

"नाव नाही कसं? माझी सख्खी बहीण बेबी! हेडमिस्ट्रेस म्हणून रिटायर झाली. तिच्यासमोर म्हणून दाखव, हे नाव नाही म्हणून!"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण रोझा विचारत होती, "व्हॉट शी से?"
सांगावं लागलं.

"युअर सिस्टर... बेबी? ओल्ड लेडी?"
"सिक्स्टी एट," आई म्हणाली. "व्हेरी स्ट्रिक्ट."

रोझा इतकी हसली की एक मेणबत्ती विझली. आईने ती पुन्हा लावली. रोझा कितीतरी वेळ डोळे पुसत होती.
"गुड," म्हणाली. "शी हॅज नेम."

मे महिन्यात हॉस्पिटलमध्ये तिने मला कागदावर चारही नावं लिहायला लावली. चौथ्याचं स्पेलिंग स्वतः सांगितलं.
"कॅपिटल बी," म्हणाली. दोनदा.

यांको, मारा, स्टेफान, बेबी.
आणि रोझा.
आमच्या घरातल्या सगळ्यांचा तुम्हा पाचजणांना नमस्कार.