होडीतल्या दिव्याची चाचणी

मोताळ्याजवळच्या धरणात माझ्या मासेमार मित्राची लहान शिडाची होडी होती. तिच्या बुटक्या खोलीत मी मोटारसायकलच्या जुन्या बॅटरीवर तीन वॅटचा एकच एलईडी दिवा बसवला. छत पांढरे रंगवले की तेवढा उजेड पुरतो. दिवस मावळताना मित्र मला नांगरलेल्या होडीवर सोडून डोंग्याने काठावर गेला. मी दिव्याची उघडझाप करावी आणि खिडकीतून तो दिसतो का, हे त्याने ओरडून सांगावे, असे ठरले होते.

तेवढ्यात वाऱ्याने खोलीत उतरायच्या वाटेवरचे झाकण आपटले आणि बाहेरून कडी पडली. आत धड उभेही राहता येईना. वारा काठाकडून येत असल्यामुळे मित्राची हाक मला ऐकू येई, माझी मात्र त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हती. मी घाबरून भराभर उघडझाप केली.

"दिसून राह्यला, गुरुजी! झकास!"

मी पुन्हा केली.

"अजून किती डाव पाहू? पास झाला तुमचा दिवा!"

अखेर मी बटण बंद केले आणि अंधारात गुडघे पोटाशी घेऊन बसलो. बऱ्याच वेळाने वल्ह्याचा आवाज आला.

"काऊन हो गुरुजी, नापास झाला का?" असे म्हणत त्याने कडी काढली.