पहिलं पान पडवीत

लुंगी आणि पायांत पांढरे मोजे, अशा अवतारात आमचे मामंजी घरभर पाय घासत फिरत. मग खुर्चीत बसून मोज्यांवर काळा ठिपका उडतो का, ते डोळे बारीक करून बघत. मी सर्वण गावी सून म्हणून आले तेव्हा मला त्यांची भीती वाटायची. खाणीवर ट्रक चालवण्यात आयुष्य गेलेलं, बोलणं मोजकं. पुढे या मोज्यांनी ती भीती पार घालवली.

हे खूळ पिसवांमुळे आलं. एका वर्षी गणपतीची चवथ तोंडावर आली आणि घरात पिसवा झाल्या. माझ्या रांगत्या लेकीच्या पायांवर लाल गांधी उठल्या. मुंबईहून थोरल्या दिरांचा फोन आला, "आम्ही यायच्या आधी त्या कुत्र्याला हलवा." जिमी मामंजींच्या खाटेखाली झोपायचा. ह्यांनी त्याला इब्रामपूरला आत्याकडे नेऊन सोडलं. मामंजी एवढंच म्हणाले, "ताचें गोणपाट वांगडा व्हर. ताचेबगर ताका न्हीद येना." त्याच्या झोपेसाठी सोबत नेलेल्या त्या गोणपाटातून किती पिसवा इब्रामपूरला पोचल्या, देव जाणे.

जिमी गेला आणि घरातल्या पिसवा आमच्यावरच तुटून पडल्या. डिचोलीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "त्या फटींत, गोधड्यांत वाढतात. कुत्रा होता तोवर त्याला चावायच्या, आता तुम्हाला. घर साफ करा आणि कुत्र्याला औषध लावून परत आणा. पांढरे मोजे घालून फिरा, उरल्या असतील तर दिसतील."

मामंजींनी अंथरुणं उकळत्या पाण्यात घातली, फटी रोज झाडल्या. मी कंटाळले की उद्या अंड्यांतून नव्या निघतील म्हणून बजावत, "आज मेल्यो जाल्यार फाल्यां अंड्यांतल्यो येतल्यो. सोडूं नाका."

चवथीच्या आदल्या दिवशी जिमी परत आला, पण उंबरठ्याशीच थांबला. मामंजींनी हाका मारल्या. शेपटी हलली, पाय हलला नाही. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाला, पानं मांडली. पहिलं पान मामंजींचं. वाढण्याआधीच ते पान उचलून मामंजी पडवीत जाऊन बसले.

"बाबा, हें कितें?" दीर म्हणाले.

"आमी ताका भायर काडलो. तो आपणान भितर येयसर हांव भायर."

जिमी आपणहून आत येईपर्यंत मामंजी बाहेरच जेवणार होते. मग दीरही आपलं पान घेऊन बाहेर गेले. त्या चवथीला आमची पहिली पंगत पडवीत बसली.

मामंजी आता नाहीत. म्हातारा जिमी अजून त्यांच्या खाटेखाली झोपतो. त्याला कुठेतरी सोडून या, असं आमच्या घरात पुन्हा कुणी म्हटलेलं नाही.