माँटानातली ओवाळणी

दादा निवृत्त झाला आणि वहिनीला घेऊन थेट माँटानात राहायला गेला. सगळं आयुष्य मिशिगनमध्ये मोटारींच्या कारखान्यात काढलेला माणूस, त्याला अचानक मोकळ्या आभाळाचं वेड लागलं. दूध आणायला तासभर गाडी हाकायची, शेजारी दुर्बिणीतून शोधायचा. कढीपत्तासुद्धा मी न्यू जर्सीहून पार्सलने पाठवायची. तरी फोनवर त्याचं एकच पालुपद असायचं, "तुम्ही दोघं इकडे या. म्हातारपणी जवळजवळ राहू."

एका दिवाळीला आम्ही गेलो. भाऊबीजेला मी ओवाळलं, पण दादाने तबकात नेहमीचं पाकीट टाकलं नाही. मला कोट घालायला लावला, बाहेर बर्फात नेलं आणि घराच्या डावीकडची, ओढ्यापर्यंत उतरत गेलेली जमीन दाखवली. "ही तुझी ओवाळणी. इथे घर बांध." मला रडूच फुटलं. वहिनी दारातून म्हणाली, "आत या आता, सर्दी होईल."

परतीच्या विमानात नवरा म्हणाला, "एकदा नीट विचारून घे, जमीन नावावर कधी करणार ते." मी त्याच्यावर उखडले. ओवाळणीची काय पावती मागायची असते? भावाने दिली, बहिणीने घेतली, विषय संपला. मी तशीच वाढले होते.

न्यू जर्सीतलं, आयसेलिनचं आमचं घर आम्ही विकायला काढलं. दादाला सांगितलं तेव्हा तो "वा, छान" म्हणाला. लेक मात्र पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "आई, आर यू शुअर?" मी तिला फटकारलं, "तुला भाऊ नाही, तुला नाही कळायचं." ते आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो, आणि राग सगळा दादाचाच येतो.

नव्या मालकाला किल्ल्या दिल्या त्या दुपारी, सामानाचा ट्रक कधी पाठवू हे विचारायला मी फोन केला. वहिनीने उचलला.

"अगं, तुला ह्यांनी सांगितलं नाही? आम्ही इथलं घर, जमीन, सगळंच विकलं. परत मिशिगनला, नोव्हायला चाललोय, लेकीजवळ. इथला विंटर आता झेपत नाही."

मग दादा आला. घसा खाकरून म्हणाला, "मला वाटलं, शेवटी तुम्ही कॅन्सल कराल. तू जर्सी सोडशील असं खरंच वाटलं नव्हतं गं."

म्हणजे मी येणार नाही याची खात्री होती, म्हणून त्याने जमीन दिली होती. येईन अशी शंका जरी आली असती, तरी नेहमीचं पाकीट मिळालं असतं. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. सख्ख्या भावाने फसवल्यावर बोलायचं कोणापाशी?

आम्ही जर्सी सिटीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. खाली दिवसभर तरुण मुलं ट्रेनकडे धावत असतात, लिफ्टमध्ये आम्हाला हसून वाट देतात. दादाचे फोन मी घेत नव्हते. त्याला काय काय सुनवायचं ते मात्र भांडी घासताना रोज मनात घोळवत होते.

परवा त्याचा फोन घेतला. "आमच्या मागच्या गल्लीत एक टाउनहाउस रिकामं होतंय," तो म्हणाला. "तुम्ही या ना. इथे कोणी नाही गं बोलायला. पोरगी दिवसभर ऑफिसात."

समोर बसलेल्या नवऱ्याने नकारार्थी मान हलवली. मी तोंड उघडलं. ठरवलेल्यातलं एकही वाक्य बाहेर येईना.

"बेडरूम्स किती आहेत?" मी विचारलं.