सहाशे तेरा जबाबांची धुरपदा

तुमच्या आईचं लग्नाआधीचं नाव काय? आडनाव विचारत नाही मी. नाव. लग्नात ताटात तांदूळ पसरून तुमच्या वडिलांनी अंगठीनं दुसरं नाव कोरलं, त्याच्या आदल्या दिवसापर्यंतचं. ज्यांनी न थांबता सांगितलं त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. बाकीच्यांनी वाचा.

धुरपदा केंदूरची. आजीचं नाव ठेवलेलं, म्हणून शाळेत पोरी चिडवायच्या. लग्न होऊन भांडगावला गेली, शेवंती-झेंडूवाल्या माळ्याच्या घरात, आणि तिथं अनुपमा झाली. तिसऱ्या वर्षी नवरा पहाटे फुलांचा टेम्पो घेऊन निघाला तो हायवेवरच गेला. मूलबाळ नाही. सासरच्यांनी तिला हाकललं नाही. हाकललं असतं तर मी जाऊन भांडले असते, ते मला जमतं. त्यांनी फक्त बोलणं कमी केलं. केंदूरला भावानं खोली दिली, पण तिच्यात कांद्याच्या गोण्या होत्या आणि त्या हलवायचं कुणी नाव काढेना. मग तिनं न्हावऱ्यात पशुखाद्याच्या दुकानामागं एक खोली घेतली. इकडून शिरूरची एसटी, तिकडून चौफुल्यावरून दौंडची. कुठं राहतेस विचारलं की म्हणायची, "मधी."

आमची संघटना एकट्या राहणाऱ्या बायकांची. विधवा, टाकलेल्या, न नांदवलेल्या. बायकांची नावं सातबाऱ्यावर लागावीत म्हणून आम्ही अकरा वर्षं तलाठी ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. एक ऑफिस शिरूरला, एक दौंडला, आणि दोन्हीकडं कुणीतरी भंगारात काढलेला एकेक कॉम्प्युटर. विंडोज घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून एक ओळखीचा मुलगा त्यात फुकट मिळणारं लिनक्स टाकून गेला तो परत आला नाही. धुरपदा अर्ज टाइप करायला आली होती. सहा महिन्यांनी बघते तर इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन मशीनच्या पोटातलं वाचत बसलेली.

"काय वाचतीस गं?"

"कर्नेल, ताई."

"मिलिटरीतला?"

"न्हाई. ह्याच्या आतला कारभारी. कुणाला कुठली फाइल उघडू द्यायची आन् कुणाला न्हाई, त्यो ठरवतो."

मी म्हणाले, म्हणजे तलाठी. ती हसली. ती हसलेली मी मोजून चार वेळा पाहिली आहे.

आता आमची काम करायची पद्धत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाई आपल्याला झालेलं सगळं एका कार्यकर्तीला सांगते. ती ते मोबाइलवर रेकॉर्ड करते. तो जबाब जिनं ऐकला तिनंच उघडायचा, दुसऱ्या कुणी नाही, मी सुद्धा नाही. बाईचं नाव, गाव आणि जबाबाचा क्रमांक माझ्या घरच्या रजिस्टरात. पण तिचं कुणी ऐकलं, हे कागदावर कुठंही लिहायचं नाही. पूर्वी एकदा लिहिलं होतं. रजिस्टर भलत्याच्या हाती लागलं आणि आमच्या एका बाईच्या घरावर माणसं गेली. तेव्हापासून कुणी ऐकलं याची एकच नोंद: फाइलची मालकीण कोण. जबाब आणि ही नोंद एकाच डिस्कवर असायची. सोमवारी आणि गुरुवारी धुरपदा ती डिस्क पिशवीत घालून शिरूरहून दौंडला न्यायची. लागेल तेव्हा त्याच बाईकडं तीच कार्यकर्ती परत पाठवायची. दुसरी गेली तर बाई चहा करते आणि गप्प बसते.

घोळ असा की डिस्कवर मालकिणीचं नाव नसतं. नंबर असतो. मशीनवर जी माणसं ज्या क्रमानं येतात तसे त्यांना नंबर मिळतात. शिरूरच्या मशीनवर एक हजार तीन म्हणजे तेजश्री. दौंडच्या मशीनवर एक हजार तीन म्हणजे जालिंदर, आमची गाडी चालवणारा, अधूनमधून पत्रं टाइप करणारा. डिस्क दौंडला जोडली की तिथला कारभारी नंबर बघायचा आणि तेजश्रीचे सगळे जबाब जालिंदरच्या हवाली करायचा. हे आम्हाला ठाऊक नव्हतं. जालिंदरला एक दिवस दिसलं. त्यानं एक उघडला. तो निघाला त्याच्याच चुलतभावाच्या बायकोचा, ज्ञानेश्वरीचा.

तो वाईट माणूस नाही. घरी जाऊन फक्त आईला बोलला. चार दिवसांत ज्ञानेश्वरीचा फोन बंद झाला. अजून बंद आहे.

मी त्याच्या अंगावर पेपरचा गठ्ठा फेकला. त्यानं तो उचलून टेबलावर नीट ठेवला. म्हणाला, "ताई, कुलूप तोडून न्हाई गेलो मी. वर माझंच नाव हुतं."

मग मी धुरपदावर घसरले. "आजच्या आज सगळं माझ्या नावावर कर. कुणाला काही दिसायला नको."

"न्हाई करणार."

माझ्या ऑफिसात मला नाही म्हणणारी ती पहिली. मी तोंडाला येईल ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं, खुर्चीवरून पिशवी काढली आणि मला बसा म्हणाली. मला.

"ताई, तुमच्या नावावर केलं तर कुणी ऐकलं ते पुसलं जाईल. ते दुसरीकडं कुठंच न्हाई. आन् डिस्क शिरूरला गेली की तेजश्रीलाच तिच्या फाइली उघडायच्या न्हाईत."

"मग काय, दौंड बंद करू?"

"मी भांडगावच्या स्टॉपवर उतरले की अनुपमा. केंदूरला उतरले की धुरपदा. दारातच नाव बदलतं. म्हंजी मी बदलते का? हाडं तीच, दुखणं तेच. तसंच करायचं. डिस्क हाय तशी ठेवायची, तिच्यावर एक अक्षर लिहायचं न्हाई. दौंडच्या मशीनला ती जोडताना दारात सांगायचं, की ह्या दारातनं येणाऱ्या एक हजार तीनला तू जालिंदर समजू नको, हितल्या तेजश्रीच्या नंबराचं समज. आन् तेजश्रीनं हितं बसून काय नवीन ठेवलं तर आत जाताना परत एक हजार तीन म्हणून लिही. फक्त ह्याच दाराला. बाकी मशीनला त्याचा पत्ता न्हाई."

"असं करता येतं?"

"पूर्वी येत नव्हतं. दोन-चार वर्षं झाली, कर्नेलमधी सोय केलीय. आपल्या दौंडच्या मशीनवर जुनं हाय. नवं चढवावं लागंल. मला पंधरा दिवस द्या."

पंधरा नाही, तेवीस दिवस लागले. त्या दिवसांत डिस्क शिरूरलाच राहिली आणि ती रिकाम्या पिशवीनं दौंडला जायची. दौंडच्या ऑफिसातली शितल सांगते, डबा उघडायची आणि खाताना स्क्रीनशी पुटपुटायची. तिला विचारावं असं दोन्ही तालुक्यांत कुणी नव्हतं. परदेशातल्या कुणा माणसांनी ते लिहिलेलं, त्यांची आपसातली पत्रं ती वाचायची, एकेका ओळीला अर्धा अर्धा तास. एकदा म्हणाली, "भांडतात बी आपल्यासारखीच. पण नाव धरून भांडतात, कुणी सोडून जात न्हाई."

ज्या दुपारी ते चाललं त्या दुपारी मी दौंडलाच होते. जालिंदरला तिनं खुर्चीवर बसवलं. त्यानं तेजश्रीच्या फोल्डरवर क्लिक केलं. परवानगी नाही. पुन्हा केलं. परवानगी नाही. "बरं झालं माझे आई," तो म्हणाला आणि उठून गाडी पुसायला गेला. धुरपदा माझ्याकडं वळली. तिचा चेहरा मला आठवतो. मी फोनवर होते, तहसीलमधल्या कुणाशी तरी वाजलं होतं. मी हातानं खूण केली, थांब. फोन संपला तेव्हा ती डिस्क पिशवीत घालून स्टँडवर निघून गेली होती. चौफुल्याला चहावाल्याला तिनं ते सांगितलं, असं नंतर कळलं. त्यानं विचारलं म्हणे, साखर कमी का?

दीड वर्ष सगळं नीट चाललं. नीट चाललेलं कुणाला दिसत नाही. तिला कुणी वाहवा केली नाही आणि मीही केली नाही.

मग सासूच्या, सारजाबाईंच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालं. घरात दुसरी सून असताना म्हातारीनं निरोप धाडला, अनुपमाला बोलवा, तिचा हात हलका हाय. धुरपदा आठ दिवस थेंब घालायला भांडगावला गेली. जाताना मला सांगून गेली, "डिस्क मी आल्यावर जोडू." मी हो म्हणाले. दुसऱ्या खोलीत भांडण चालू होतं, माझं लक्ष तिकडं होतं.

चौथ्या दिवशी दौंडला एका कार्यकर्तीला तिनं ऐकलेला जबाब हवा होता. मीच डिस्क घेऊन गेले. शितलनं ती जोडली, सरळ, कुठल्याही पेनड्राइव्हसारखी. धुरपदाच्या दारातून नाही. पुन्हा स्क्रीनवर ओळीनं जालिंदर, जालिंदर, जालिंदर. माझ्या डोळ्यांपुढं ज्ञानेश्वरी आली. खालच्या सायबर कॅफेतल्या सुदर्शनला वर बोलावलं. मशीनचा मुख्य पासवर्ड अडचणीसाठी म्हणून पाकिटात घालून कपाटात ठेवला होता. मी पाकीट फाडलं.

"ताई, मालक बदलायचं एका ओळीचं काम हाय," सुदर्शन म्हणाला. "कुणाचं नाव लावू?"

अकरा वर्षं मी लोकांना एकच सांगत आले: नाव लागलं की जमीन सुटत नाही. रेकॉर्डला नाव लावा. माझ्या हाताला तेवढंच वळण. मी म्हणाले, "माझं लाव. सगळ्याला."

चहा गार व्हायच्या आत झालं. सहाशे तेरा जबाब. तलाठ्यानं एका पेनानं गाव आपल्या नावावर करावं आणि त्यावर मी मोर्चा काढावा, तसं ते होतं. फक्त पेन माझं होतं.

धुरपदा आली. बसली. बराच वेळ यादी वर-खाली केली. मी उभी होते, ओरडेल म्हणून. ती म्हणाली, "दारात काय सांगू आता? आतच एक नंबर हाय."

"कॉपी असेल ना?"

"हाय. पण ती दुसऱ्या जातीच्या डिस्कवर हाय, तिच्यावर फाइलीचा मालक राहत न्हाई. नुसता आवाज राहतो."

"मग आवाज ऐक. प्रश्न विचारणारी कोण ते कळेल तुला."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी ते वाक्य पुन्हा कुणाशी बोललेले नाही. दोन दिवसांत सुटलं असतं. पण दुसरं कुणी ऐकणार नाही, या शब्दावर त्या बायका बोलल्या होत्या.

कार्यकर्त्यांना आठवायला सांगितलं. नऊ जणींपैकी चार सोडून गेलेल्या. राहिलेल्यांनी तारखांवरून काही ओळखले. एका जबाबावर दोघींनी हक्क सांगितला, दोघी खोटं बोलत नव्हत्या. दीडशेच्या आसपास लागले, बाकीचे माझ्याच नावावर पडून राहिले.

महिन्याभरानं धुरपदानं माझ्याकडून रजिस्टरातली यादी मागितली. तेव्हापासून ती गावोगाव फिरते आहे. एकटी, एसटीनं, उतरून पुढं चालत. पेन्शनचे नाहीतर रेशनचे फॉर्म हातात, कारण त्या कामासाठी आमच्या बायका कुठंही जातात आणि कुणाला वावगं वाटत नाही. बाईला एकटं गाठायचं आणि एकच विचारायचं: तुम्ही कुणाला सांगितलं होतं? उत्तर मिळालं की शिरूरच्या ऑफिसात येऊन त्या एका फाइलला तिची मालकीण परत लावायची. कधी दिवसात दोन. कधी तीन गावं हिंडून एकही नाही, कारण बाई असते पण सासू शेजारून हलत नाही, दीर खाटेवर मोबाइल बघत बसलेला असतो. मग ती फॉर्म भरून देते, पाणी पिते आणि निघते. पुढच्या महिन्यात पुन्हा.

मी म्हणाले, मी येते बरोबर. "तुम्ही नको," ती म्हणाली. "तुम्हाला बघून बायका सगळंच सांगाय लागत्यात. मला नुसतं नाव पाहिजे."

गेल्या आठवड्यात तिच्या खोलीवर गेले होते. खुर्ची एकच. ती मला दिली, ती पेंडीच्या पोत्यावर बसली. दोनशे ऐंशी राहिलेत, म्हणाली. मी माफी मागायला गेले होते, ती मागितली. "बरं," म्हणाली, आणि शेगडीवरचं भांडं उतरवलं.

हे छापू का, विचारलं. यातली सासर-माहेरची गावं मी इकडची तिकडं केली आहेत, बाकीची नावं बदलली आहेत, अनुपमा हेही खरं नाही. तिचं पहिलं नाव बदलू का विचारलं तर म्हणाली, "धुरपदा राहू द्या. त्या नावानं मला हुडकत येणारं आता कुणी न्हाई."

म्हणून ती कशी दिसते, कोणत्या वारी कुठं असते, ते मी सांगणार नाही आणि तुम्ही शोधू नका. एवढंच करा. शिरूर असो नाहीतर दौंड, तुमच्या दारात कुठलीही बाई कसलाही फॉर्म घेऊन घरातल्या बाईकडं आली, तर तिला पाणी द्या आणि सगळे उठून बाहेर जा. दहा मिनिटं गोठ्यात काढा. परत आल्यावर काय बोललात म्हणून विचारू नका.