केशरबाईला मागून कुणी हाक मारली न्हाई

सिरसाळ्यात माझ्या नावानं जे बोंबलतात ना, त्यांनी एक दिवस माझ्या सासूला सांभाळून दाखवावं. मग तोंड उघडावं.

केशरबाई माझी सासू. मी आत्याबाई म्हणते. सगळा जन्म ऊसतोडीत गेला तिचा. माझा नवरा फडातच जन्मला, अन् चौथ्या दिवशी ही परत मोळ्या बांधायला उभी. मुकादमालाबी शिव्या घालायची. आता डोकं साथ देत न्हाई. जेवलेलं आठवत न्हाई, मला वळखत न्हाई. पण दसरा सरला की पाय घरात ठरत न्हाईत. गाठोडं बांधती अन् फाट्यावर जाऊन उभी राहती, तोडीला न्यायला ट्रॅक्टर येईल म्हणून.

"खोलीत घाला, कडी लावा," दीर बंकट फोनवर म्हणला. सोता अंबाजोगाईत राहतो, आईला बघायला येत न्हाई.

"आई हाय तुमची, म्हैस न्हाई. न्या की मग तिकडं," म्हणलं. फोनच ठेवला त्यानं.

कडी मी लावली न्हाई. तिच्या झंपरावर, पदराखाली झाकंल असा, माझा फोन नंबर शिवला. सांजच्याला पाय दमेस्तोवर फिरवून आणायची. फाट्यावरच्या हॉटेलवाल्या आसारामला हात जोडून सांगितलं, "आत्याबाई दिसली की बसवून ठेवा, मला फोन करा." त्यानं मान हलवली. मेल्याची मान तेवढ्याच कामाची.

परवा मी गिरणीवर गेले, तेवढ्यात ही निघाली. पळत फाट्यावर आले तर आसाराम भजे तळीत होता.

"आत्याबाई कुठं हाय?"

"गेली की ट्रॅक्टरवर बसून."

"अन् तुमी बघत बसले? कावून थांबवलं न्हाई?"

"तोडीला निघालेल्या माणसाला मागून हाक मारावी का, वनमाला? अपशकुन होतो."

माझं डोकंच फिरलं. "मुडद्या, म्हातारी चाकाखाली गेली म्हंजी शकुन का रे तुझा?" बाकड्यावरची टाळकी हसली. एक म्हणला, "सुनंच्या जाचानं गेली असंल." त्याला असं झोडपलं तोंडानं, की चहा टाकून उठला.

माजलगावच्या अलीकडून त्या ट्रॅक्टरवरच्या तोडीच्या टोळीतल्या एका बाईचा फोन आला, तवा जीव भांड्यात पडला. "माझी टोळी म्होरं गेली, तिथं सोडा," असं सांगून म्हातारी बसली होती. तिचा पदर सावरताना त्या बाईला नंबर दिसला.

रिक्षा करून गेले. आत्याबाई लिंबाखाली बसली होती. मी हात धरला तर माझ्याकडं निरखून बघितलं.

"तू भली दिसती बाई. घरी सोड मला. पण माझ्या सुनंला सांगू नको."

"का वो?"

"लई वाईट हाय ती. जाच करती. फाट्यावर समदे म्हणतेत."

माझं नाव गेलं तिच्या डोक्यातून, लेकाचं गेलं. त्या भाडखावांचं बोलणं तेवढं राहिलं. रडू आलं मला, रागानं.

"न्हाई सांगत," म्हणलं. तवा कुठं ती उठली.